निचिते मॅडमची तोंडी परीक्षा

मी आमच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झालो, त्याच्या तिसऱ्याच दिवशी निचिते मॅडमनी माझ्याकडून पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या मागून घेतल्या, संध्याकाळी त्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या हातात दिल्या आणि स्वतः एसटीत बसून शहापूरला घरी निघून गेल्या. मी आटगावला माझ्या घरी पोचलो तेव्हा खिशात हात घातला आणि मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायला गेलो. मी नवा, त्या भूगोलाच्या विभागप्रमुख, सतराएक वर्षं तिथे मुरलेल्या, तरी गेलो. कारण ग्रंथालयाच्या शिक्षणात मला सगळ्यात आधी काय शिकवलं असेल तर किल्ली कोणाला द्यायची नाही ते.

मॅडम स्टाफरूममध्ये भिजवलेले हरभरे खात बसल्या होत्या. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पडवळ, पुस्तकं किती आहेत आपल्याकडे?"

"चार हजारांच्या आसपास."

"चोरीला किती गेली?"

"ते अजून मोजलं नाही."

"वाचली किती गेली ते मोजा आधी. मग चोरीचं बघू. हरभरे घ्या."

मी हरभरे घेतले. भांडण तिथेच बारगळलं. पुढे तेरा वर्षं मी त्यांच्याशी अधूनमधून भांडत राहिलो आणि दर वेळी असंच काहीतरी खाऊन परत आलो.

आमचं कॉलेज शेणव्याच्या जरा पुढे, रस्त्याच्या कडेला. इमारत दोन मजली, शाखा एकच, कला. ज्याला कल्याणला जाणं परवडत नाही किंवा ज्याला घरचे तिकडे धाडत नाहीत, तो आमच्याकडे येतो, असा तालुक्यात समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत आम्हा सगळ्यांनाच कॉलेज एवढं लहान असल्याची थोडी लाज वाटायची. पाहुण्यांना पटसंख्या सांगताना प्राचार्यांना हमखास खोकला यायचा. एकट्या मॅडमना त्याचा अभिमान होता. "तिसऱ्या वर्षाला अकरा पोरं आहेत," त्या सांगायच्या, "म्हणजे चैन आहे हो! शंभर असती तर मला त्यांची नावं तरी पाठ झाली असती का?"

या अकरांच्या जोरावर त्यांनी काय काय चालवलं होतं ते पाहून मी थक्क व्हायचो. कॉलेजपासून एसटीच्या फाट्यापर्यंत पंचवीस मिनिटांची चाल होती. रोज संध्याकाळी मॅडम त्या वाटेने एकेका विद्यार्थ्याला बरोबर घेऊन चालायच्या. ज्याची पाळी असेल त्याने आठवडाभरात काय वाचलं, काय पाहिलं, कुठे अडलं ते बोलायचं. इतर कोणी मध्ये यायचं नाही. बोलणं संपायच्या आत एसटी आली तर विद्यार्थ्याने गाडीत चढायचं, शहापूरपर्यंत जाऊन विषय संपवायचा आणि उलट्या गाडीने परत यायचं. विश्वरूप कोळी नावाचा एक मुलगा नदीच्या वळणांवर असा अडकला की सलग तीन वेळा शहापूरला जाऊन आला. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, अंगावर सुती साडी, काखेत कापडी पिशवी आणि बाजूला हातवारे करणारं एक पोरगं, अशी ती वरात त्या रस्त्यावरच्या सगळ्यांच्या ओळखीची होती.

एकदा बाहेरून तपासणी समिती आली. तुमच्याकडे मुलांना असं काय मिळतं जे दुसरीकडे मिळत नाही, असा त्यांचा प्रश्न होता. प्राचार्यांनी संगणकाच्या खोलीला नवे पडदे लावून ठेवले होते, ते दाखवले. मग समितीने मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे प्रत्येकाला फाट्यापर्यंतचा रस्ता मिळतो." समितीने मान डोलावून ते लिहून घेतलं आणि अहवालात आमच्या कॉलेजच्या नावावर वाहतुकीची सोय चढली. प्राचार्य खूश झाले. मॅडम आठवडाभर आठवून आठवून हसत होत्या.

त्यांच्या वर्गात कुठलंही वाक्य टाकलं की त्यावर त्यांचा एकच प्रश्न यायचा, "कोणाला विचारलंस?" आमच्या गावात पाऊस कमी झालाय, असं कोणी म्हणालं की, "कोणाला विचारलंस?" पूर्वी इथे जंगल होतं. "कोणाला विचारलंस?" पुस्तकात आहे, असं उत्तर दिलं तर त्या पुस्तक उघडून लेखकाने कोणाला विचारलं होतं ते शोधायला लावायच्या. पोरं वैतागायची. मीही वैतागायचो, कारण मग ती पोरं माझ्याकडे येऊन तळटिपा धुंडाळायची आणि माझी मांडणी विस्कटायची.

पण त्यांची खरी करामत म्हणजे तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प. प्रकल्प सगळीकडेच असतो. तो कसा होतो हे मी ग्रंथपाल असल्यामुळे फार चांगलं जाणतो. मागच्या वर्षीची वही काढायची, नाव बदलायचं, नवं कव्हर घालायचं. मॅडमच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या गावातली एकच गोष्ट निवडायची आणि तिचा हाताने नकाशा काढायचा. कोणी गावातल्या शेतांची नावं घ्यायचं, कोणी ओढ्यातले पाण्याचे डोह, कोणी गुरं चरायला जायच्या वाटा. नकाशाबरोबर एक वही. आणि सगळं झालं की त्याची तोंडी परीक्षा गावात. परीक्षक गावातलीच माणसं. गावाने पास म्हटलं तरच मॅडम मार्क देणार, नाहीतर पुन्हा करून आणायचं. विद्यापीठाच्या कुठल्या नियमात हे बसतं असं मी त्यांना एकदा विचारलं. "बसत नाही," त्या म्हणाल्या, "पण मार्क माझ्या हातात आहेत की नाहीत?"

मी पाहिलेली पहिली तोंडी शेणव्यातल्याच एका मुलाची. त्याने भाताच्या खाचरांची नावं गोळा केली होती. एका घराच्या पडवीत पंधरावीस माणसं बसली होती, त्यात त्याची आईही. पोरगा छान बोलला. कोणत्या खाचरात पाणी जास्त राहतं, कोणत्याला आधी लावणी लागते, सगळं सांगितलं. म्हातारे खूश झाले. मॅडमनी विचारलं, "मग, पास?" सगळे हो म्हणाले. तेवढ्यात त्याची आई मागून म्हणाली, "काय पास? ह्यानं सगली नावं मला इचारून लिवलीत. लावणीला एक दिवस चिखलात पाय घातला नाय. त्याला इचारा, मोठ्या शेताचा बांध कुठं फुटतो."

मुलाला सांगता आलं नाही. सख्ख्या आईने त्याला नापास केलं. मॅडमनी उठून त्या बाईंना हात जोडले आणि पोराला म्हणाल्या, "पाऊस पडला की चार दिवस कॉलेजला येऊ नकोस. बांधावर जा." तो खरंच गेला. त्याची ती वही आज माझ्याकडे आहे, आणि बांध कुठे फुटतो हे सांगणारं त्यातलं पान सगळ्यात चांगलं आहे.

माझ्याकडे आहे म्हणजे काय, तर या वह्या मी दाखल नोंदवहीत छापील पुस्तकांच्या ओळीत नोंदवायच्या असाही मॅडमचा हट्ट होता. मी म्हटलं, मॅडम, पुस्तकाला विषयाप्रमाणे वर्गांक द्यावा लागतो, शेतांच्या नावांना असा वर्गांकच नाही. त्या म्हणाल्या, "मग करा तयार. तुम्ही कशाला आहात?" मी कुरकुरत तयार केला. आता सांगायला हरकत नाही, नोकरीत मी इतकं मन लावून दुसरं काहीच केलेलं नाही.

मॅडमच्या निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या अकरांमध्ये मनीषा मेंगाळ होती. टोकावड्याच्या वरच्या अंगाला डोंगरात उंबरवाडी म्हणून सतरा घरांची ठाकरांची वाडी आहे, तिथली. राहायला शेणव्याच्या वसतिगृहात. बोलायची कमी, पण हातात पेन्सिल आली की तिची रेघ बघत राहावी. तिने विषय घेतला राबाच्या झाडांचा. आमच्याकडे भाताचं बी टाकायच्या आधी ती जागा पालापाचोळा, शेण आणि झाडांच्या छाटलेल्या फांद्या पसरून भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. फांद्या लागतात त्या ऐनाच्या. उंबरवाडीच्या मागच्या उतारावर ऐनाची झाडं आहेत आणि कोणती झाडं कोणत्या घराने छाटायची हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. कागदावर कुठेच नाही. मनीषाने ते पहिल्यांदा कागदावर आणायचं ठरवलं.

त्याच वेळी पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं पत्रक आलं होतं. उन्हाळ्यात दोन महिने नकाशे करायला शिकवणार, लहान कॉलेजांतली मोजकीच मुलं घेणार. अर्जाबरोबर पूर्ण झालेला प्रकल्प आणि त्याचे मार्क जोडायचे होते. मनीषाला जायचंच होतं. तिचा बाप म्हणाला होता, तुज्या नावानं कागद आला तर जा, नायतर परीक्षा झाली का घरी ये. त्या अर्जाखेरीज तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती आणि हे मॅडमना पुरतं ठाऊक होतं.

फेब्रुवारीत तिची तोंडी होती. या वेळी मीही त्यांच्याबरोबर गेलो. वाडीतल्या शाळेच्या ओट्यावर मोठी माणसं बसली होती, आणि परीक्षेला बसणाऱ्याने खाली अंगणात बसायचं, अशी मॅडमची रीत होती. मनीषाने नकाशा ओट्याला टेकवून उभा केला आणि एकेक झाड वाचायला लागली. माणसं माना हलवत होती. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या, आपल्या झाडाचं नाव आलं की. सगळं झकास चाललं होतं.

"पायवाटेच्या खालची पाच ऐनं," मनीषा म्हणाली. "छाटणारा, कमळू."

कमळू म्हणून एक बारका, लाजाळू माणूस कडेला बसला होता. तो उठून उभा राहिला. तो चारचौघांत कधी बोलत नसावा, कारण सगळे हसायला लागले.

"माजी नायत ती," तो म्हणाला.

"पण तुमीच छाटलीत ना, काका?"

"छाटली. लक्षुमनासाठी छाटली गो. तो नि त्याची बायको भट्टीवर गेलीत, तर त्याचा राब मी लावून ठेवला. तो येईल नि बी टाकंल. माजं नाव कशाला टाकलंस तिथं? मी काय त्याची झाडं घेतली?"

हसणं थांबलं. कमळूचे डोळे भरून आले होते. दिवाळीनंतर वाडीतली काही घरं वीटभट्टीवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. लक्ष्मण त्यांतलाच, कमळूचा शेजारी. मनीषा मागे वळून मॅडमकडे बघायला लागली आणि मॅडमचा चेहरा मला काही ठीक दिसला नाही.

ओट्यावर धर्माबाबा नावाचे सगळ्यात वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "ह्यो कागद जातो कुठं?"

"कॉलेजात," मॅडम म्हणाल्या. "ग्रंथालयात ठेवतात."

"किती वरसं?"

हा माझा प्रांत. मी पुढे होऊन ऐटीत सांगितलं, "कायमचा, बाबा. आमच्याकडून काही हरवत नाही."

"मंग तर झालंच," धर्माबाबा म्हणाले. "उद्या लक्षुमनाची पोरं शिकून तुमच्याकडं येतील नि वाचतील का आपली झाडं कमळूची व्हती. तो इथं नाय तर त्याची झाडं पन नाय का? नापास."

मॅडम उठल्या. एरवी वर्गात पुस्तकी बोलणाऱ्या त्या, सरळ घरच्या भाषेवर आल्या. "बाबा, चूक पोरीची नाय. ती मला बोललेली, लक्षुमनाचं नाव टाकू म्हून. मी बोलले, यंदा जो छाटतो त्याचं नाव टाक, एक पन चौकोन रिकामा ठेवू नको. मीच चुकले."

"मंग तुमी दोगी नापास," धर्माबाबा म्हणाले, आणि लोक उठले.

अर्जाची मुदत महिनाअखेर संपत होती. हातात दहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. मी आणि मनीषाही तिथेच होतो. प्राचार्य म्हणाले, "मार्क देऊन टाका. वाडीचा शिक्का कुठे लागतो? पोरीचं भलं होतंय." मॅडम म्हणाल्या, वाडीने नापास केलं आहे, मी पास करणार नाही.

तेव्हा मनीषा बोलली. तिचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "मॅडम, मी तुमाला सांगितलेलं."

"सांगितलं होतंस."

"मंग चूक तुमची, नि फारम माजा जायाचा?"

प्राचार्य मोबाइल बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "वाडी नाही म्हणाली तरी मी हो म्हटलं, तर पुढच्या वर्षी वाडी ओट्यावर बसायला कशाला येईल?"

"पुढल्या वर्षी मी नाय इथं," मनीषा म्हणाली आणि निघून गेली.

मला मॅडमचा अतिशय राग आला. आजही सांगतो, त्या क्षणी मी पूर्णपणे पोरीच्या बाजूचा होतो. नियम करणारी ही, चुकणारी ही, आणि भोगायचं तिने? मी तसं बोलूनही दाखवलं. या वेळी हरभरे पुढे आले नाहीत. त्या संध्याकाळी मॅडम फाट्यापर्यंत एकट्या चालत गेल्या. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या बाजूला कोणी नव्हतं.

सकाळी सातला माझा फोन वाजला. "पडवळ, वसतिगृहापाशी या. लक्ष्मणला विचारायला जायचंय."

"मी कशाला?"

"कायमचा ठेवणार म्हणालात ना? मग या."

गेलो. मनीषा तोंड फुगवून उभी होती, पण नकाशाची गुंडाळी तिच्या काखेत होती. लक्ष्मणचा फोन रात्रीपासून लागत नव्हता. भट्टी भिवंडीच्या रस्त्याला आहे एवढंच वाडीतून कळलं होतं. दोन एसट्या, एक सहा आसनी रिक्षा आणि वर अर्धा तास उन्हात पायपीट, असं करत आम्ही चौथ्या भट्टीवर त्याला गाठलं. सगळ्या रस्त्याने मनीषा मॅडमशी एक अक्षर बोलली नाही. मॅडमनीही समजूत घातली नाही. फक्त रिक्षात स्वतः कडेला बसून नकाशाला मधली जागा दिली.

मुकादमाने जेवणाच्या सुट्टीपुरता लक्ष्मण आमच्या स्वाधीन केला. डोक्यापासून पायापर्यंत लाल धूळ, वय असेल तिशीचं. एवढी माणसं आपल्याला शोधत आली म्हटल्यावर तो आधी घाबरलाच. त्याचा पहिला प्रश्न होता, "कमळूनं राब लावला का?"

"लावलाय मामा," मनीषा म्हणाली.

तो खाली बसला आणि मोकळेपणी हसला. त्याला वाचता येत नव्हतं. मनीषाने विटांच्या थप्पीवर नकाशा पसरला, ही आपली शाळा, ही पायवाट, असं दाखवलं. मग त्याने बोट ठेवायला सुरुवात केली. बोट ठेवेल तिथे लाल डाग उमटत होता आणि तो पुसायला मॅडमनी मनीषाला मनाई केली.

"ह्यो वाकडा. ह्याच्या खालच्या बाजूनं चढायचं, वरून नाय. ह्यो मागं लय छाटला व्हता, त्याला यंदा थोडाच घ्यायचा. कमळूला ठावं हाय ते. ह्ये दोन जोडीचे. नि ह्यो आयेचा."

"आयेचा म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"माजी आय गेली त्या वरसापासून सोडलाय. छाटत नाय. तिच्या नावानं उभा हाय."

मनीषाने वही उघडली. पाचव्या झाडापुढे, छाटणारा या रकान्यात, तिच्या सुंदर अक्षरात कमळूचं नाव होतं. कमळूने त्या झाडाला हातही लावला नव्हता. चौकोन रिकामा राहू नये म्हणून तिथे ते नाव आलं होतं. मॅडमनी वही स्वतःकडे ओढून ते नाव पुन्हा वाचलं.

"मग ह्याच्यापुढं काय लिवायचं?" त्यांनी लक्ष्मणला विचारलं.

"आयेचा म्हून लिवा. नि छाटणाऱ्याच्या तिथं काय नको लिवू. कोन नाय छाटत."

"मनीषा, रिकामं ठेव," मॅडम म्हणाल्या.

"हो, मॅडम," मनीषा म्हणाली. दिवसभरातलं तिचं मॅडमशी ते पहिलं बोलणं. परतताना रिक्षात दोघी शेजारी बसल्या आणि मला नकाशा मांडीवर घेऊन कडेला बसावं लागलं.

त्यानंतर मनीषाने सगळी वही नव्याने केली. झाड कोणाचं, यंदा कोणी छाटलं, कोणासाठी छाटलं, असे तीन रकाने तिने स्वतः आखले. मॅडम चार दिवस वाडीत जाऊन राहिल्या, पण या वेळी सांगायच्या काहीच नाहीत. मनीषा घरोघर विचारायची आणि त्या तिची पिशवी धरून मागे उभ्या असायच्या. एकट्या लक्ष्मणचंच तसं नव्हतं, हेही तेव्हा उघड झालं. एका घरी तान्हं मूल होतं म्हणून त्यांची झाडं भावाने छाटून दिली होती. दोन घरांची चार झाडं आलटून पालटून होती. पहिल्या वहीत यातलं काहीच आलं नव्हतं, आणि कमळू त्या दिवशी उठून बोलला नसता तर माझ्या कपाटात ती चुकीची वही दिमाखात बसली असती.

मुदत संपायला दोन दिवस असताना वाडी पुन्हा ओट्यावर बसली. मनीषा खाली अंगणात. धर्माबाबांनी तिला सोडली नाही. या झाडाखालून वाट कुठं जाते, त्या झाडाला कोणत्या साली आग लागली होती, तास झाला तरी त्यांचे सवाल संपेनात. पोरगी डगमगली नाही. लक्ष्मणची पाच झाडं तिने वाचली, पाचव्याला "आयेचं" एवढंच म्हणून पुढे गेली, आणि दोनतीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. शेवटी कमळू उठला.

"माजं नाव काडलंस का गो?"

"नाय काका, हाय. यंदा कोणी छाटलं, त्या रकान्यात. नि पुढं, लक्षुमनासाठी."

त्याला ते बघायचं होतं. मनीषाने त्याचं बोट धरून वहीतल्या त्याच्या नावावर ठेवलं. तो वाकून बघत राहिला आणि मग आपल्या जागेवर जाऊन बसला.

"पोरगी पास," धर्माबाबा म्हणाले.

मॅडमनी तिथेच मार्क लिहून सही केली. वाडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी मोबाइलला रेंज येते, तिथे उभं राहून मनीषाने अर्ज पाठवला. पुण्याहून तिच्या नावाने कागद आला, ती गेली, दोन महिने राहिली, आणि आता तिथेच पुढचं शिकते आहे. अधूनमधून मला फोन करून माझ्या वर्गांकातल्या चुका सांगते. मॅडम त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ झाला, हार झाले, प्राचार्य रडले. तो दिवस मला फारसा आठवत नाही. मॅडम म्हटलं की मला उंबरवाडीतली ती दुपारच दिसते, अर्ज पाठवून आम्ही टाकीवरून खाली आलो तेव्हाची.

टोकावड्याला चारची एसटी गाठायची होती. मी वही पिशवीत घातली आणि मॅडमना म्हटलं, चला. त्या ओट्याच्या कडेला बसून बूट घालत होत्या. ओट्यावरचे लोक अजून उठले नव्हते.

"तू कुठं निगालीस, बाय?" धर्माबाबा म्हणाले. "दोगी नापास व्हतात. पोरीचं झालं. तुजं राह्यलंय."

सगळे हसले. मला वाटलं मॅडमही हसून निघतील. त्यांनी पायातला एक बूट परत काढला, गुडघ्यावर हात टेकत खाली अंगणात उतरल्या, आणि मनीषा बसली होती तिथे मांडी घालून बसल्या. त्यांची तीस वर्षांची नोकरी संपायला तीन महिने उरले होते.

धर्माबाबांनी मनीषाला हाताला धरून ओट्यावर आपल्या शेजारी बसवलं. "तुजी म्याडम हाय," ते म्हणाले, "तूच इचार."

मनीषा आधी लाजली, वर बघेना. मग बघितलं.

"मॅडम, पायवाटेखालची झाडं कोणाची?"

"लक्ष्मणची."

"तो इथं नाय तरी?"

"तो इथं नाय तरी," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसल्या.